भोजन समितीची पाळी

माझी मुलगी सहावीत असताना एका बुधवारी मी तिच्या शाळेत जेवायला गेले होते. मी हौसेनं गेले होते, हे आधीच सांगून टाकते.

शाळा संभाजीनगरबाहेर, चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडवरून थोडी आत. सकाळी आठला व्हॅन यायची, साडेचारला पोरं घरी. दुपारचं जेवण शाळेतच. घरून डबा न्यायची परवानगी नव्हती. सगळ्या मुलांनी एका हॉलमध्ये बसून एकच अन्न खाल्लं की भेदभाव राहत नाही, असं शाळेच्या माहितीपुस्तकात छापलेलं होतं आणि प्रवेश घेताना ते वाक्य मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. मग कधीतरी पोळ्या कच्च्या निघतात म्हणून पालकांनी ओरड केली, आणि शाळेनं भोजन समिती काढली. दर बुधवारी दोन पालकांनी यायचं, स्वयंपाकघर बघायचं, मुलांसोबत जेवायचं, आणि एका वहीत शेरा लिहून सही करायची. हजेरीपटाच्या क्रमानं पाळी.

आमची पाळी आली तेव्हा नवऱ्याची शेंद्र्याच्या कंपनीत पहिली शिफ्ट होती. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. सकाळी सातपासून उपाशीपोटीची गर्दी असते, अकरानंतर कोणी येत नाही. म्हणून मी जाणार असं ठरलं.

"तूच येणार? बाबा नाही?" सकाळी बुटाची लेस बांधता बांधता मुलीनं विचारलं.

"बाबाला सुट्टी नाही."

"मग तो निळा कुर्ता घाल. आणि तिथं 'लई' म्हणू नको."

मी हसले. माझ्या तोंडून हा शब्द घाईत किंवा रागात निघतो, एरवी नाही. करमाडच्या पलीकडं आमचं गाव. माझ्या वडिलांची मेंढरं होती. पाऊस सरला की ते कळप घेऊन निघायचे आणि उन्हाळा संपताना परत यायचे. मी दहा वर्षांची झाल्यावर त्यांनी मला मुकुंदवाडीत मामाकडं शिकायला ठेवलं. तेव्हापासून मी शहरातच आहे. बोलणं बदलायला मला दोन वर्षं लागली, आणि ते मी का बदललं हे मी घरात कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

निळा कुर्ता घातला.

साडेबाराला शाळेच्या दारात दुसरे पालक भेटले. हायकोर्टाच्या खंडपीठात वकिली करणारे गृहस्थ, औरंगपुऱ्यातले, घरात चार पिढ्यांचं शिक्षण, हे त्यांच्या नमस्कार करण्यावरूनही कळत होतं. त्यांचा मुलगा आठवीत होता. आम्हाला कागदी टोप्या दिल्या. स्वयंपाकघराच्या प्रमुख बाईंनी सगळ्या पातेल्यांची झाकणं काढून दाखवली आणि वाटीत वरण घेऊन माझ्या हातात दिलं. "चखके बोलो मॅडम. कल बच्चे बोले तिखा हुआ, तो आज मिर्ची कमच डाली मैं." वरण खरंच चांगलं होतं. पोळ्या मऊ होत्या. बटाटा-वाटाण्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, भात, आणि बुधवार म्हणून शेवयांची खीर. वकीलसाहेबांनी पोळीचा तुकडा उजेडात धरून कच्ची आहे का ते पाहिलं. मग घंटा झाली आणि मुलं रांगेनं आत आली.

हॉल मोठा होता. लांब स्टीलची टेबलं, दोन्ही बाजूंना बाकं. खणांचं ताट हातात घेऊन मुलं पुढं सरकत होती, मावश्या वाढत होत्या. वकीलसाहेब आठवीच्या टेबलांकडं गेले. मी पाण्याच्या फिल्टरजवळच्या खांबाआड थांबले. आपण नसताना आपलं लेकरू कसं असतं, हे बघायची प्रत्येक आईला हौस असते. मला तेवढंच बघायचं होतं.

माझी मुलगी तिसऱ्या टेबलावर मधोमध बसली होती. घरी ती चार वेळा हाक मारल्याशिवाय उठत नाही. इथं मात्र ताठ बसलेली, वेणी पुढं घेतलेली. ती काही बोलली की शेजारच्या दोघी तिच्याकडं वळायच्या. माझा ऊर भरून आला. या वयात मी शाळेत मान वर करून बसले नव्हते.

त्या टेबलावर आठ मुली होत्या. आठवी मुलगी बाकाच्या अगदी टोकाला, बाकीच्यांपासून एका माणसाची जागा सोडून. तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. गणवेश नवा आणि एक माप मोठा. ही पोर जूनमध्ये नवीन आलेली, हे मुलीच्या बोलण्यातून मला माहीत होतं. "एक व्हय-व्हय आलीय आमच्या वर्गात," असं तिनं सांगितलं होतं, आणि मी भाजी चिरता चिरता "अस्सं?" म्हटलं होतं.

मी बघत राहिले. काहीतरी चुकत होतं, पण काय ते लगेच कळेना. कोणी त्या पोरीला ढकलत नव्हतं, चिडवत नव्हतं. मुली जेवत होत्या. त्या पोरीनं पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडाकडं नेला. माझ्या मुलीनं चमचा ताटाच्या कडेवर हळूच ठेवला. त्याबरोबर सातही जणींचं चावणं थांबलं. सातही माना टोकाकडं वळल्या. डोळे तिच्या तोंडावर. कोणी हसलं नाही, कोणी बोललं नाही. त्या पोरीचा हात वाटेतच थांबला. तिनं घास ताटात ठेवला. माझ्या मुलीनं चमचा उचलला आणि सगळ्या पुन्हा जेवायला लागल्या.

मला वाटलं योगायोग असेल. थोड्या वेळानं त्या पोरीनं भाताचा घास घेतला. चमचा खाली. सात माना. घास परत ताटात. चमचा वर.

तिसऱ्यांदा तिनं खीर प्यायचा प्रयत्न केला, वाटी दोन्ही हातांनी तोंडापुढं धरून, चेहरा लपवून. चमचा खाली गेला. वाटीआडून तिला ते दिसत नसणार, पण चावण्याचा आवाज थांबलेला ऐकू आला असेल. तिनं वाटी ठेवली आणि पाणी प्याली. पाणी पिताना कोणी बघत नव्हतं. पाण्याला परवानगी होती.

इतकं साधं होतं. टेबलामागून तीन वेळा एक शिक्षिका गेल्या. त्यांना आठ शहाण्या मुली दिसल्या असतील.

माझ्या मनात तेव्हा पहिली गोष्ट कोणती आली ते मी लिहिणार आहे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, बरं झालं, माझी पोर टोकाला नाही. सुटकेचा नि:श्वास मी खरोखर सोडला. लाज वाटली ती नंतर.

मी ताट वाढून घेतलं आणि त्या टेबलाशी गेले. जागा एकच होती, त्या पोरीच्या आणि बाकीच्यांच्या मधली. तिथं बसले. "नमस्ते काकू," मुली एका सुरात म्हणाल्या. माझ्या मुलीनं माझ्या कुर्त्याकडं पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

"तू जेवत नाहीस का गं बाळा?" मी त्या पोरीला विचारलं.

"पोट दुखतंय."

"तिचं रोजच दुखतं, आई," माझी मुलगी म्हणाली. दोघी-तिघींनी खाली बघून ओठ दाबले.

"रोज दुखतं?" मी विचारलं.

"व्हय," ती पोर म्हणाली. आणि लगेच, "हो."

"व्हय," पलीकडून कोणीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं. मग दुसरीनं. मग तिसरीनं. टेबलावरून तो शब्द डाळीतल्या खड्यासारखा एकीच्या दातांखालून दुसरीच्या दातांखाली गेला.

मी काही बोलायला हवं होतं. मी खीर चाखली आणि घाईघाईत म्हणाले, "खीर लई छान झालीय."

शब्द निसटला. माझ्या मुलीचे कान लाल झाले. पण टोकाच्या पोरीनं मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. तिचा चेहरा उजळलाच एकदम.

"काकू, तुम्ही करमाडकडच्या हायत का? माझी आई असंच बोलती."

सगळं टेबल माझ्याकडं बघत होतं. सहा जणी नुसत्या कुतूहलानं. माझी मुलगी मात्र दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात करमाडच्या पलीकडं आजीकडं जाणारी, कोकराला मांडीवर घेऊन फोटो काढणारी. तिनं चमचा हातात धरला होता.

"छे गं," मी म्हणाले. "आम्ही इथलेच. संभाजीनगरचेच."

"अस्सं," ती पोर म्हणाली.

मग मी आणखी एक वाक्य बोलले. ते कोणी बोलायला लावलं नव्हतं. मी म्हणाले, "आणि हायत नाही, आहात म्हणायचं, बरं का."

मुली हसल्या. यावेळी मोकळ्या हसल्या, कारण आता मोठ्या माणसानं सुरुवात केली होती. माझी मुलगीही हसली, माझ्याकडं बघून, प्रेमानं. इतक्या प्रेमानं तिनं माझ्याकडं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. ती टोकाची पोर पण हसली. हसावं लागतं अशा वेळी. मला ते माहीत आहे.

जेवण संपल्यावर वहीत मी लिहिलं, "जेवण उत्तम व ताजे. मुले आनंदाने जेवतात." वकीलसाहेबांनी चष्मा वर करून ते वाचलं.

"तुमच्या टेबलावरची ती रिबिनीवाली मुलगी काही जेवली नाही," ते म्हणाले. "ताट तसंच परत गेलं. ते नमूद करावं का?"

"पोट बिघडलंय तिचं," मी म्हणाले.

"असं होय." त्यांनी खाली सही केली.

संध्याकाळी मुलगी व्हॅनमधून उतरली ती खुशीत. दप्तर टाकून माझ्या गळ्यात पडली. "आई, सगळ्या म्हणाल्या तुझी मम्मी कूल आहे."

मी तिला समोर बसवलं आणि विचारलं, "तो चमच्याचा खेळ कोणी काढला?"

"कोणता खेळ?"

"मी खांबामागं उभी होते."

तिनं दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "कोणी नाही काढला. असाच सुरू झाला. आम्ही तिला काही बोलतो का? हात लावतो का? बघायला काय हरकत आहे?"

तिला पटवायला माझ्याकडं एकच गोष्ट होती, ती मी सांगितली. मुकुंदवाडीच्या शाळेत मी पाचवीत गेले तेव्हा मुली माझ्याशेजारी बसताना नाकाला रुमाल लावायच्या. मामीनं मला दोनदा आंघोळ घालून पाठवलं तरी लावायच्या. मी फळ्याकडं निघाले की मागच्या बाकांवरून मेंढीचा आवाज यायचा. मास्तरांनाही एकदा हसू आवरलं नव्हतं. मी सांगत होते आणि मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, लागलं ठिकाणावर.

"मग ते थांबलं कसं?" तिनं विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. त्या दिवशी एक खोटं बोलून झालंच होतं. पण खरं बोलून पोर सुधारते असं कुठंतरी वाचलेलं.

"सहावीत एक नवीन मुलगी आली," मी म्हणाले. "तिची आई धुणीभांडी करायची. मग सगळ्या तिच्या मागं लागल्या."

"आणि तू?"

"मी पण."

मुलीनं डोळे पुसले. थोडा वेळ विचार केला. "म्हणजे कोणीतरी लागतंच," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. गणिताचं उत्तर सापडल्यासारखी म्हणाली, आणि दूध प्यायला उठली.

पुढचे दोन-तीन आठवडे मी हे प्रकरण मागं टाकलं. मुलीला एकदा-दोनदा "असं करू नये" म्हटलं, तिनं "हो गं" म्हटलं. मग एका सकाळी लॅबमध्ये एक बाई त्या पोरीला घेऊन आली.

आमची लॅब शाळेच्याच रस्त्यावर आहे, त्यामुळं आश्चर्य नव्हतं. बाई माझ्याच वयाची, डोक्यावर पदर, हातात डॉक्टरची चिठ्ठी. प्रार्थनेच्या वेळी पोर चक्कर येऊन पडली होती. मी तिला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. हात काडीसारखा. शीर शोधायला वेळ लागला. तिनं मला ओळखलं होतं. रक्त नळीत यायला लागलं तेव्हा म्हणाली, "आई, ह्या काकू शाळंत आल्या व्हत्या. जेवायला."

बाईचा चेहरा खुलला. "व्हय का ताई? तुमची लेक तिथंच हाय? मग तुमीच सांगा बरं, जेवती का ही नीट? आम्ही गावाकडून हिच्या शाळंसाठीच इकडं आलो. घरी आली का रोज सांगती, आज हे खाल्लं, आज ते खाल्लं, दोनदा खीर घेतली. अन् डागदर म्हणतो अंगात रक्तच नाय."

माझ्या हातात सुई होती. पोरीचा हात माझ्या हातात होता. ती माझ्याकडं बघत नव्हती, नळीकडं बघत होती. तिनं घरी रोज अख्ख्या जेवणाची यादी सांगितलेली होती. ते खोटं उघडं पडू नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला असेल, की आता तरी कोणीतरी खरं बोलेल म्हणून, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.

"जेवते की," मी म्हणाले. "मी शेजारीच बसले होते."

"मग रक्त जातं कुठं गं तुझं?" बाईनं पोरीच्या डोक्यात हलकेच टपली मारली. "नुसती कामचुकार. शाळा बुडवायला चक्कर येती."

मी सुई काढली, कापूस दाबला, "धरून ठेव" म्हणाले. तिनं धरून ठेवला. संध्याकाळी रिपोर्ट निघाला तेव्हा मी आकडा बघितला. हिमोग्लोबिन साताच्या जरासं वर होतं. बाळंतिणीचं असं बघितलंय मी, अकरा वर्षांच्या पोरीचं क्वचित.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, वर्गशिक्षिकेकडं. सगळं सांगितलं. चमचा, माना, घास, रिपोर्ट. फक्त मी काय बोलले ते सोडून. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"लेखी द्या मॅडम. म्हणजे मला प्रिन्सिपल मॅडमकडं पाठवता येईल. चौकशी बसेल, सात जणींची नावं येतील. पहिलं तुमच्या मुलीचं, कारण सुरुवात तिचीच, असं तुम्हीच म्हणताय. गेल्या वर्षी असंच एक प्रकरण झालं, त्या मुलाला दाखला घेऊन जावं लागलं. पेन देऊ?"

मी कागद त्यांच्याकडं परत सरकवला.

"मी तिला घरी समजावते," मी म्हणाले.

"तेच बरं." त्यांनी कागद परत खणात ठेवला. "तसंही त्या मुलीला इथलं वातावरण जडच जातंय. भाषेचा प्रश्न आहे, राहणीमानाचा आहे. मी तिच्या पालकांना सुचवणारच होते."

बाहेर पडताना मी त्यांचे आभार मानले.

त्या संध्याकाळी मी मुलीला दंडाला धरून उभं केलं. सांगितलं की ती पोर चक्कर येऊन पडली ती तुमच्यामुळं, आणि यापुढं तिच्या ताटाकडं कोणी बघितलं तर मी प्रिन्सिपलकडं जाईन.

"जा," ती म्हणाली. "मग मी पण सांगते, तू तिला काय म्हणालीस ते."

मी तिच्या थोबाडीत मारली. पहिल्यांदाच. तिनं गालाला हात लावला नाही, रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, आणि ती नजर मी खांबामागून आधी पाहिलेली होती.

खेळ थांबला. आठवड्याभरानं मी विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आता आम्ही तिच्याकडं बघतच नाही. तूच म्हणालीस ना, बघू नका." नंतर हळूहळू कळलं त्याचा अर्थ. वर्गात, मैदानात, व्हॅनच्या रांगेत, कुठंच कोणी तिच्याकडं बघत नव्हतं. तिनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, तिनं पुढं केलेली वही कोणी घेत नाही, तिच्या आरपार बघायचं, जणू पुढं नुसती भिंत आहे. सहावीच्या दोन्ही तुकड्यांत ते पसरलं. हे माझ्या आज्ञेवरून सुरू झालं होतं आणि माझी मुलगी ते अगदी शब्दशः पाळत होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पोर आली नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिची आई एकटीच लॅबमध्ये आली, स्वतःची साखर तपासायला. मला बघून आपल्या माणसासारखी हसली. मी न विचारताच ती सांगायला लागली. पोरीला करमाडला आजीकडं ठेवलंय, तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, अभ्यासात बरी आहे.

"जेवते का आता?" मी विचारलं.

"खाती, पण येगळंच खूळ लागलंय. भिताडाकडं तोंड करून बसती. कुणी बघितलं का घास खाली ठिवती. आज्जी म्हणती कुणाची तरी नजर लागली. मीठ-मिरची उतरवली, देवाला नेऊन आणली. पण तिच्या मनातनं जाईना." तिनं दंड पुढं केला. "तुमी लई चांगल्या व्हत्या ताई तिच्याशी. ती सांगती, एक काकू शेजारी बसून जेवल्या व्हत्या म्हणून."

ती पोर घरी असं का सांगत होती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कदाचित त्या पाच महिन्यांतली तेवढीच एक चांगली गोष्ट तिला सांगता येण्यासारखी वाटली असेल. कदाचित जेवणाच्या यादीसारखीच तीही तिनं बनवली असेल. तेव्हा मात्र मी बाईला "मूठ आवळा" म्हणाले, रक्त घेतलं, नळीवर चिठ्ठी डकवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. तिला मी काहीही सांगितलं नाही. सांगून पोरीचं तोंड भिंतीकडून वळलं असतं की नाही ठाऊक नाही, पण मी सांगितलं नाही त्याचं कारण ते नव्हतं. ती बाई मला चांगली समजत होती, आणि मला ते हवं होतं.

माझी मुलगी यंदा दहावीत आहे. हुशार आहे, बोलायला गोड आहे. शेजारच्या आजींना औषधं आणून देते. लोक म्हणतात, संस्कार चांगले केलेत. मी मान हलवते.

गेल्या महिन्यात ती कपाट आवरत होती, जुन्या वह्या रद्दीत काढत होती. सहावीच्या वर्गाचा फोटो निघाला. मी तिच्याजवळ बसले. दुसऱ्या ओळीत शेवटी, थोडं अंतर सोडून, लाल रिबिनी होत्या. मी बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कुठं असते गं आता?"

मुलीनं फोटो हातात घेऊन उजेडाकडं केला. मनापासून आठवायचा प्रयत्न केला. ती खोटं बोलते तेव्हा तिच्या नाकपुड्या जराशा फुलतात, मला लगेच कळतं. तसं काही झालं नाही.

"कोण आहे ही?" ती म्हणाली. "आमच्या वर्गात होती?"

तिनं फोटो रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि खालचा कप्पा ओढला. मी तिथंच बसून तिला वह्यांची कव्हरं काढून देत राहिले.